फीडर धरत नाही

वीज गेल्यावर सुसंस्कृत मनुष्याने प्रथम काय करावे, याविषयी शास्त्रकारांनी काही सांगून ठेवले असल्यास ते माझ्या वाचनात आलेले नाही. परंतु आमच्या पुसद गावी अशा प्रसंगी मनुष्य मेणबत्ती शोधीत नाही, आगपेटी शोधीत नाही, जिन्यात अडकलेल्या वृद्ध मातोश्रींची विचारपूसही करीत नाही, तर हातातला घास ताटात टाकून तडक ओसरीवर येतो आणि मान शक्य तितकी लांब करून समोरच्या घरातही अंधारच आहे ना, याची खातरजमा करून घेतो. तो तसा आढळला म्हणजे त्याच्या मुद्रेवर एक सात्त्विक समाधान पसरते, "सगळ्यांचीच गेली" अशी वर्दी तो आत देतो, आणि घरची मंडळी घामाने निथळत असूनही निश्चिंत होतात. उलटपक्षी, समोर दिवा जळत असला तर त्याच क्षणी त्याला नागरिकांचे मूलभूत हक्क, मुदतीत भरलेल्या बिलांच्या पावत्या आणि कोण्या एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला कनिष्ठ अभियंता, या सर्वांचे एकदम स्मरण होते.

पुसद हे पूस नदीच्या काठी, डोंगरांच्या कोंडाळ्यात वसलेले गाव. या गावाने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, ही हकीकत परगावच्या पाहुण्यास चहा देण्यापूर्वी सांगण्याची इकडे वहिवाट आहे. जवळच्याच गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्रिपदी होते आणि १९९१ साली त्यांचे पुतणे सुधाकरराव त्याच खुर्चीवर बसले. राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, त्यानंतर खेडोपाडी खांब रोवण्याचा उद्योग थोरल्या नाईकसाहेबांच्याच कारकिर्दीत जोराने चालला, हाही तपशील त्यास जोडून येतो. उजेडात ही हकीकत अभिमानाने सांगितली जाते. अंधारात तिचा सूर बदलतो. "दोन मुख्यमंत्री दिले, बदल्यात तीन फेज मागतो, हे काय फार झालं?" असा सवाल चौकातल्या पानठेल्यावर टाकला जातो, आणि त्यावर दुसरा कोणी तितक्याच गांभीर्याने म्हणतो, "पुसद जिल्हा झाला असता, तर लाईन गेलीच नसती." जिल्ह्याच्या ठिकाणचे खांब वादळ ओळखते आणि वळसा घालून जाते, अशी आमच्याकडे दृढ समजूत आहे.

आता वादळाविषयी. कोकणातल्या लोकांची वादळे खानदानी असतात. ती समुद्रात जन्मतात, वेधशाळा त्यांचे बारसे करते, आणि बंगालच्या उपसागराभोवतीचे व अरबी समुद्राभोवतीचे देश त्यांना आळीपाळीने नावे पुरवितात. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेल्या वादळाचे 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते, आणि पुढच्या वर्षीच्या 'तौक्ते'चे नाव म्यानमारचे. असे वादळ येण्यापूर्वी दोन दिवस सरकारी फर्माने सुटतात, शाळा बंद होतात, वृत्तपत्रांत नकाशे छापून येतात. आणि ते येऊन गेले, दापोली-मंडणगडापर्यंतचे खांब आडवे झाले, म्हणजे मदतीला परजिल्ह्यांतून पथके धावतात. आमचे वादळ रोहिणीच्या अखेरीस, दुपारी चारच्या सुमारास, पश्चिमेच्या डोंगरामागून, कसलीही इत्तला न देता येते. त्याला नाव ठेवण्यास कोणतेही राष्ट्र पुढे येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत ते गोठ्यांची टिने उडविते, कडुनिंबाच्या फांद्या मोडते, वाळत घातलेल्या कुरडया गारांसह चुलत्याच्या अंगणात नेऊन टाकते आणि निघून जाते. आणि ज्याला नाव नाही, त्याचा पंचनामा कोणत्या सदराखाली करावा, या पेचात दफ्तरही पडते.

बरे, वादळाने खांब पाडावे आणि वीज जावी, यात समजण्यासारखे काही आहे. परंतु खांब उभे, तारा शाबूत, झाडे जागच्या जागी, आकाशातून मोजून चार टपोरे थेंब पडलेले, आणि तेवढ्यात सारा मुलूख अंधारात, हा चमत्कार दरवर्षी घडतो. त्याचे कारण आमच्या भागाच्या वायरमनने मला एकदा समजावून सांगितले. खांबाच्या माथ्यावर तार ज्यावर टेकते तो चिनीमातीचा इन्सुलेटर एप्रिल-मे महिन्यांत आमच्या वऱ्हाडी उन्हाने तापून निघतो. त्या तापल्या अंगावर पहिल्या पावसाचे गार पाणी पडले, की त्याला चीर जाते. मग ११ हजार व्होल्टचा प्रवाह त्या चिरेतून लोखंडी खांबात आणि खांबातून जमिनीत उतरतो, आणि उपकेंद्रातला ब्रेकर खटकन् पडतो. आता त्या फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या त्या लाईनवरच्या, शेकडो खांबांपैकी चीर नेमकी कोणत्या खांबावर आहे, हे खालून दिसत नाही, वरूनही धड दिसत नाही, आणि रात्री तर मुळीच दिसत नाही. उपकेंद्रातला माणूस ब्रेकर पुन्हा चढवितो, तो पुन्हा पडतो. या अवस्थेस त्या खात्याच्या भाषेत 'फीडर धरत नाही' असे म्हणतात. "गुरुजी, फीडरच धरून नाही राह्यलं, त्याले आपण काय करावं?" असे वायरमनने विचारले, तेव्हा त्याच्या स्वरात इतकी वडीलकी होती की, फीडरास गोवर निघाला असावा, अशा समजुतीने मी "काळजी घ्या हो" असे बोलून गेलो.

तक्रार नोंदविण्याचा विधी मी थोडक्यात आटोपतो, कारण तो सर्वांच्या परिचयाचा आहे. दूरध्वनीवरील मुलगी अत्यंत मधुर आवाजात बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारते. तो क्रमांक बिलावर असतो, बिल कपाटात असते, कपाट अंधारात असते, आणि अंधारात पाहण्यासाठी जो मोबाईल पेटवावयाचा, तो कानाला लावलेला असतो. कुटुंबाने दुसरा मोबाईल आणून प्रकाश पाडला, तो नेमका माझ्या डोळ्यांवर. "अहो, नंबर सांगा ना!" कुटुंब म्हणाले. "दिसू तर दे!" मी म्हणालो. "नोंद घेतली आहे, सर," ती दूरस्थ कन्या म्हणाली. कशाची घेतली, हे मला आजपर्यंत उमगलेले नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त नायब तहसीलदार राहतात, त्यांना आम्ही रावसाहेब म्हणतो. त्यांचा मात्र दूरध्वनीवर विश्वास नाही. जी गोष्ट कागदावर नाही ती घडलेलीच नाही, या सिद्धांतावर त्यांनी हयात काढली. यंदाच्या वादळात गारा थांबताच त्यांनी कंदील लावला, दोन चष्म्यांपैकी वाचनाचा निवडला, आणि अर्जाचा मसुदा करावयास बसले. 'विषय : मौजे पुसद येथील विद्युत्पुरवठा खंडित झालेबाबत' एवढ्यावर पहिली संध्याकाळ गेली, कारण 'झालेबाबत' की 'झाल्याबाबत' यावर त्यांचा आणि निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने माझा मतभेद झाला. दुसऱ्या संध्याकाळी अर्जावर आळीतल्या लोकांच्या सह्या घेण्यात आल्या. सह्या करणाऱ्यांत सर्वांत त्वेषाने ज्याने पेन हिसकावून घेतले, त्या गृहस्थाच्या घरामागून तारेवर टाकलेला आकडा आळीतल्या पोरासोरांना ठाऊक आहे. परंतु वादळात त्याचाही आकडा उडून गेला होता, आणि अशा वेळी मन किती विषण्ण होते, ते ज्याचे त्यालाच कळते. "बिल भरणाऱ्यांची ही दशा!" असे म्हणून त्याने सही केली. अर्जावर रावसाहेबांनी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीटही डकवले. अशा अर्जास तिकिटाची जरूर नाही, असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे फक्त पाहिले.

अर्ज दाखल व्हावयाचा त्या सकाळी माझ्या मेहुण्याचा निरोप आला. मेहुणा पुसदच्या माळपठारावरील एका खेड्यात राहतो. हा माळ उन्हाळ्यात पाण्यावाचून आणि पावसाळ्यात विजेवाचून कसा राहतो, हे त्यालाच विचारावे. शहरात राहणारा मनुष्य म्हटला की त्याचा वशिला असावयाचाच, अशी तिकडे धारणा असल्याने, "भाऊजी, तुमी येऊन जा, तुमच्या शब्दाले वजन आहे," असा तो तगादा होता. माझ्या शब्दाला घरात किती वजन आहे, ते त्याच्या बहिणीने त्याला अद्याप सांगितलेले दिसत नाही. मी गेलो, तो वायरमनच्याच मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर इन्सुलेटरची पिशवी आणि गळ्यात दोराचे वेटोळे घेऊन. वाटेत जो भेटे तो मला नवा साहेब समजून रामराम घाली. मीही तो नाकारला नाही.

डोंगरात वीज पूर्ववत् करणे म्हणजे काय, हे सपाटीवरच्या माणसाला कळणार नाही. तारांची रांग कोणत्याही रस्त्याशी संबंध न ठेवता टेकडीवरून नाल्यात आणि नाल्यातून पलीकडच्या टेकडीवर सरळ जाते. माणसाला तिच्यामागून जावयाचे तर पळसाच्या झुडपांतून, मुरमावर घसरत, लोकांच्या धुऱ्यांवरून शिव्या खात जावे लागते. वायरमन दर काही खांबांवर लाईनचा तेवढा तुकडा वेगळा करी, मग उपकेंद्राला फोन करून पुढचा तुकडा चढवून पाही. परंतु फोन करावयाचा तर रेंज हवी. टॉवरची बॅटरी विजेअभावी संपलेली. रेंज मिळे ती एकाच टेकडीच्या माथ्यावर, दूरच्या कोठल्या टॉवरची. तेव्हा कामाचे परमिट मागावयास टेकडी चढावी, परमिट घेऊन खाली उतरावे, काम करावे, आणि परमिट परत करावयास पुन्हा टेकडी चढावी, असा क्रम चालला. परमिट हातात नसता तारेला बोट लावणार नाही, या बाबतीत तो मनुष्य अढळ होता, आणि खांबावर चढणारा तोच असल्याने आम्हीही आग्रह धरला नाही. टेकडी चढण्याचे काम मात्र, शब्दाला वजन असल्यामुळे, माझ्याकडे आले.

दुपारी उन्हे चढल्यावर ती चीर सापडली. तपकिरी, झिलईदार, दिसावयास सुबक असा तो इन्सुलेटर वायरमनने खाली आणून माझ्या हातावर ठेवला. त्यावर केसाएवढी रेघ होती आणि रेघेच्या दोन्ही अंगांना काजळी धरली होती. एवढ्याशा भेगेपायी अनेक गावांनी दोन रात्री अंधारात काढल्या, हे पाहून मी सद्गदित होणार होतो. पण तेवढ्यात मेहुण्याच्या गावचे लोक आले आणि त्यांनी सांगितले की, पुढे नाल्यावर दोन खांबच पडले आहेत. "मग सकाळीच काहून नाही सांगतलं?" वायरमन म्हणाला. "आमाले वाटलं, तुमाले मालूम असन," ते म्हणाले.

सिमेंटचा खांब ट्रॅक्टरमधून नाल्यापर्यंत येतो. नाल्यापुढे तो माणसांच्या खांद्यावर जातो. शेजारच्या तांड्यावरची बंजारा मंडळी दोर आणि बांबू घेऊन आली, आणि त्यांच्या नायकाने एका शब्दात सर्वांना जागा नेमून दिल्या. खरे काम त्यांनीच केले, म्हणून त्याविषयी लिहिण्यासारखे काही घडले नाही. लिहिण्यासारखे घडले ते खड्ड्यापाशी, जेथे काम न करणारे जमले होते. खांबाच्या लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे, असा नियम आहे. दोन फुटांवर कातळ लागला, आणि सब्बल तेथून टणत्कार करून परत येऊ लागली. त्याबरोबर सल्ल्यांना ऊत आला. एकाने खड्डा चार हात अलीकडे घ्या म्हटले. ती जागा त्याच्या भावाच्या वावरात होती. भावाने पलीकडे घ्या म्हटले. सरपंचपदाच्या एका माजी उमेदवाराने, आपण निवडून आलो असतो तर येथे कातळ लागलाच नसता, असे सूचित केले. एका वृद्धाने १९७२ च्या दुष्काळातला एक खड्डा आठवून सांगितला, त्याचा विजेशी काही संबंध नव्हता, परंतु तो खोल होता. तेवढ्या अवधीत तांड्यावरच्या दोघा पोरांनी कातळ फोडून खांब उभा केला आणि ते बिड्या ओढीत बसले. चर्चा मात्र चालूच होती.

वीज नव्हती त्या काळात गावाचे फारसे अडले होते असे नाही. एकाने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दहा रुपयांत मोबाईल चार्ज करून देण्याचा धंदा थाटला होता, आणि वीज लवकर येते की काय, या चिंतेने तो घटकेघटकेला खांबाकडे पाहून जात होता. मी, मास्तरकीच्या जुन्या खोडीमुळे, जमलेल्या लोकांना सांगितले की, २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लेइसांग या डोंगरी खेड्यात वीज पोचली आणि देशातले प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले. आणि शाळा-पंचायतीसारख्या जागांखेरीज शंभरांतल्या दहा घरांत वीज असली तरी गाव विद्युतीकृत धरतात. यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागून प्रश्न आला, "ते दहा घरं कोनते, ते कोन ठरोते?"

सायंकाळी मी अखेरची टेकडी चढून परमिट परत केले. खाली दिवे लागले. पोरांनी गिल्ला केला. मी हात उंचावून तो स्वीकारीत असतानाच ठप्प आवाज झाला आणि गाव होते तेथे अंधार झाला.

झाले होते ते असे. वीज आल्याचे आपल्याला तत्काळ कळावे म्हणून प्रत्येक घराने प्रत्येक बटन चालू ठेवले होते : दिवे, पंखे, कूलर, दूरदर्शन, आणि गिरणीवाल्याने गिरणी. याखेरीज विहिरीवरचे पंप. प्रत्येक पंपाच्या टिनाच्या पेटीत, खताच्या रिकाम्या पोत्याखाली झाकलेले, 'ऑटो' नावाचे एक लहानसे यंत्र बसविलेले असते. वीज आली की कास्तकाराला न उठविता ते पंप आपोआप सुरू करते. हे ऑटो काढा, सगळे पंप एका क्षणी सुरू होऊन रोहित्र जळते, त्याऐवजी कॅपॅसिटर बसवा, असे खात्याकडून वर्षानुवर्षे बजावण्यात येते. विहिरीत पाणी वीतभर, पण ऑटो बारमाही. सुरू होताना पंपाची मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. तशा साऱ्या मोटरी एकदम उठल्यावर रोहित्राच्या डीपीवरच्या फ्यूजने प्राण सोडला, यात त्याचा कसूर नव्हता.

वायरमनने नवी तार बांधली आणि गावाला विनंती केली की, निम्म्या लोकांनी घटकाभर बटने बंद ठेवावी. विनंती सर्वांनी एकमताने मान्य केली. निम्मे लोक म्हणजे अर्थातच दुसरे, असे प्रत्येकाने गृहीत धरल्यामुळे फ्यूज पुन्हा गेला. मग वरची आळी आणि खालची आळी, असे वाटे पाडण्यात आले. "आमचीच काहून बंद करावं? मागच्या पोळ्याले बी आमचीच बंद होती," असे खालची आळी म्हणाली. वरच्या आळीने, आपली बंद आहे, असे शपथेवर सांगितले. खालच्या आळीने पोरे पाठवून पाहणी केली, तेव्हा शपथ घेणाऱ्याच्याच घरात कूलरचे बटन चालू आढळले. "ते खराब आहे, चालू-बंद समजतच नाही," असा त्याने खुलासा केला. माझा मेहुणा या सर्वांना सहकाराचे महत्त्व पटवून देत होता, आणि त्याचा ऑटो, मला नंतर कळले त्याप्रमाणे, गावातला सर्वांत नवा होता.

शेवटी वायरमन डीपीच्या ओट्यावर जाऊन बसला. अर्थिंगच्या खड्ड्यात, जेथे कोळसा आणि मीठ भरलेले असते, तेथे त्याने बादलीभर पाणी ओतले, रुमालाने तोंड पुसले, आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, "न्यूट्रलचा जोड ढिला वाटते. एकदा चारशे व्होल्ट येऊन जाईन. ज्याची मोटर चालू असन, त्याची मोटर गेली समजा. मी सांगतलं नाही असं म्हणू नका."

न्यूट्रल तुटला की घरात सव्वादोनशेच्या जागी चारशेपर्यंत दाब चढतो, हे त्या गावाला पुस्तकातून शिकावे लागलेले नव्हते. गेल्या वर्षी याच कारणाने एका आळीचे सगळे दूरदर्शन संच एका संध्याकाळी निकालात निघाले होते. दहा मिनिटांच्या आत कंदील-बॅटऱ्या घेतलेले लोक चारी दिशांना विहिरींकडे धावले. त्यात माजी उमेदवार होता, १९७२ चा वृद्ध होता, आणि सर्वांच्या पुढे माझा मेहुणा होता. घरोघरी बायकांनी बटनेच काय, भिंतीतल्या पिनाही उपसून काढल्या. वायरमनने शांतपणे लाईन चढविली. ती धरली.

"न्यूट्रल खरंच ढिला होता का हो?" परतताना मी विचारले.

"तुमी मास्तर होते ना, गुरुजी? पोरांले 'साहेब येऊन राह्यले' असं कधी सांगतलं नाही का?"

पुसदला पोचलो तोपर्यंत आमच्या आळीतही वीज येऊन गेली होती, म्हणजे आली होती आणि राहिली होती. रावसाहेब ट्यूबलाइटखाली अर्ज समोर घेऊन बसले होते आणि अत्यंत खिन्न दिसत होते. सकाळी ते अर्ज घेऊन निघाले, तो चौकातच पंखे फिरू लागल्याचे त्यांच्या कानी आले. मी म्हणालो, "जाऊ द्या रावसाहेब, काम तर झालं."

"काम झालं, हे ठीक," ते म्हणाले, "पण दहा रुपयांचं तिकीट लावलंय. सह्या आहेत. असा अर्ज फाडता येत नाही."

त्यांनी वाचनाचा चष्मा चढविला, लाल शाईचे पेन काढले, आणि विषयाच्या ओळीतले 'खंडित झालेबाबत' खोडून त्यावर बारीक अक्षरांत 'पुढील वर्षी खंडित होणारेबाबत' असे लिहून मजकडे दुरुस्तीच्या सहीसाठी सरकविले. 'होणारेबाबत' की 'होणार असल्याबाबत', यावर आमचे अद्याप ठरावयाचे आहे.